हॉलिडे मेंबरशिपमध्ये अडकलेले दीड लाख: तक्रार कुठे करायची, कुणावर करायची आणि भरपाई किती मागायची

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळ्यांना समजेल. कोथरूडच्या एका गृहस्थांनी मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं. आठवड्याभरात फोन आला. नवरा-बायको दोघांनी यायचंच, या अटीवर वाकडच्या एका हॉटेलात बोलावलं, अडीच-तीन तास बसवून ठेवलं आणि पाच वर्षांची हॉलिडे मेंबरशिप गळ्यात मारली. एकूण १,४५,००० रुपये गेले. त्यातले ४५,००० यूपीआयने दिले आणि एक लाख क्रेडिट कार्डावर, जे नंतर बारा हप्त्यांत करून घेतले. याला चौदा महिने झाले. दोनदा बुकिंग मागितलं, दोन्ही वेळा ‘सीझन आहे, जागा नाही’. तिसऱ्या वेळी आधी ९,५०० रुपये मेंटेनन्स भरा म्हणाले. शेवटी यांनी महाबळेश्वरच्या रिसॉर्टला थेट फोन लावला, तर ‘या कंपनीशी आमचा काही करारच नाही’ असं उत्तर मिळालं. कंपनी म्हणते रक्कम नॉन-रिफंडेबल आहे आणि वाद असेल तर दिल्लीत लवादापुढे या. पोलिसांनी ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवलं. आता त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: पैसे परत मिळतील का, मनस्तापाची भरपाई किती मागावी आणि वकील परवडेल का.

या प्रकरणात कायदा तुमच्या बाजूने आहे, त्याची फारशी चिंता नको. खरी अडचण वसुलीची आहे. ग्राहक आयोगाचा आदेश हातात आला आणि कंपनीने गाशा गुंडाळलेला असला, तर तो कागद घरातच राहतो. म्हणून ‘माझी बाजू खरी आहे का’ याच्याबरोबरीने ‘आदेश झाला तर पैसे नेमके कुणाच्या खिशातून निघणार’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. तक्रारीत कुणाला पक्षकार करायचं, पत्ते कुठले द्यायचे, तडजोड कशी लिहून घ्यायची, हे सगळं त्यावर ठरतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. एखादी सहल मेंबरशिपवर खरोखर झाली असेल, तर पूर्ण रक्कम परत मिळणं कठीण होतं; आयोग वापरलेल्या भागाचे पैसे वजा करू शकतो. मेंबरशिप स्वतःच्या फर्मच्या नावाने, कर्मचाऱ्यांना सहली देण्यासाठी घेतली असेल, तर तुम्ही ‘ग्राहक’च नाही असा आक्षेप पहिल्याच तारखेला येईल. आणि ‘सगळ्या अटी समजल्या, तोंडी आश्वासन काहीही दिलेलं नाही’ असं छापील निवेदन त्या दिवशी सही करून घेतलेलं असतं, ते जवळपास प्रत्येक प्रकरणात असतंच. त्याने तक्रार मरत नाही, पण त्याला उत्तर द्यावं लागतं. मुख्य उत्तर म्हणजे रिसॉर्टचा नकार. कागदावर दिलेल्या यादीतल्या ठिकाणाशी करारच नव्हता, तर ‘अटी समजल्या’ या सहीला अर्थ उरत नाही.

पहिलं काम कागदांचं. त्या रिसॉर्टला फोन केला, ते पुरेसं नाही. त्यांना ईमेल पाठवा: अमुक कंपनीच्या मेंबरशिपवर तुमच्याकडे बुकिंग मिळतं का, अमुक महिन्यात करार होता का, एवढे दोनच प्रश्न. उत्तर आलं की तो तुमचा सगळ्यात वजनदार पुरावा. यादीतल्या आणखी चार-पाच ठिकाणांनाही असेच ईमेल करा. तीन ठिकाणांनी नाही म्हटलं, तर कंपनीचा ‘त्या वेळी फक्त जागा नव्हती’ हा बचाव टिकत नाही.

मग कार्डाचं स्टेटमेंट आणि यूपीआयची नोंद काढा आणि पैसे कुणाच्या नावावर गेले ते नीट वाचा. हे बहुतेक लोक पाहतच नाहीत. मेंबरशिप एका कंपनीची, स्वाइप मशीन दुसऱ्याच फर्मचं आणि यूपीआय तिसऱ्याच कुणाच्या वैयक्तिक खात्यात, असं चित्र या धंद्यात नेहमी दिसतं. ज्याच्या खात्यात पैसे गेले, तो तक्रारीत पक्षकार हवाच, कारण कंपनी बुडाली तरी तो सापडू शकतो. इनव्हॉइस असेल तर त्यावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहा. २७ ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्रातल्या नोंदणीचा, ०७ ने सुरू होणारा दिल्लीचा. पोर्टलवर नोंदणीचं नाव आणि मुख्य पत्ता दिसतो, नोंदणी रद्द झाली असेल तर तेही दिसतं.

कंपनीच्या कागदावर एकवीस अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक, छापलेला असतो. त्यात पहिल्या सहा अक्षरांनंतरची दोन अक्षरं राज्याची आणि त्यापुढचे चार आकडे स्थापनेचं वर्ष सांगतात. हॉटेलात ‘आम्ही पंचवीस वर्षं या क्षेत्रात आहोत’ म्हणून सांगितलं असेल आणि सीआयएनमध्ये चार वर्षांपूर्वीचं वर्ष असेल, तर खोटं विधान तिथेच सिद्ध होतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर याच क्रमांकाने नोंदणीकृत पत्ता, संचालकांची नावं आणि कंपनी चालू आहे की नोंदवहीतून काढली गेली आहे, हे कळतं. या माहितीचा प्रिंट तारखेसह काढून ठेवा. संचालक बदलत राहतात. तुमच्याकडून पैसे घेतले तेव्हा कोण होतं हे महत्त्वाचं.

त्या दिवशी सेल्समनने एका कोऱ्या कागदावर पेनने हिशोब मांडून दाखवला असेल: हॉटेलचा खर्च इतका, मेंबरशिपमुळे वाचेल इतका, पाच वर्षांनी मिळेल इतकं. तो कागद ते सहसा जाताना काढून घेतात. पण तुमच्यापैकी कुणी त्याचा फोटो काढला असेल, तर जुन्या फोटोंमध्ये शोधा. छापील करारात जे नाही, ते आश्वासन त्या हस्ताक्षरात असतं. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका, एक्सपोर्ट करून ठेवा आणि फोनही बदलू नका. आयोगासमोर इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलं की पुढचे आक्षेप टळतात.

आता बँकेबद्दल, कारण इथे लोकांची आशा चुकीच्या जागी अडकते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ‘तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य’ असं सांगितलं होतं. पण ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. तुम्ही स्वतः कार्ड दिलं, पिन टाकला. फसवून घेतलेली असली तरी ती परवानगीच धरली जाते. तुमच्यासारख्या प्रकरणात बँकेकडचा मार्ग म्हणजे चार्जबॅक, म्हणजे ‘पैसे दिले पण सेवा मिळाली नाही’ अशी कार्डधारकाची तक्रार. त्याची मुदत कार्ड-नेटवर्क आणि कारणानुसार बदलते, साधारणपणे १२० दिवस धरतात. चौदा महिन्यांनी तो मार्ग बहुधा बंद झालेला असेल. तरी बँकेला लेखी कळवा, पण त्यावर विसंबून थांबू नका. हे वाचणाऱ्या कुणाचा व्यवहार मागच्या महिन्यातला असेल, तर मात्र आजच बँकेला लिहा, बाकी सगळं नंतर.

हप्ते राहिले असतील तर ते थांबवू नका. कार्डाचा हप्ता हा तुमचा आणि बँकेचा करार आहे. तो थकवला तर व्याज, दंड आणि क्रेडिट स्कोअरचं नुकसान तुमचं, फसवणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. नुसता व्यवहार पुढे पाठवणाऱ्या बँकेला तक्रारीत ओढण्यातही अर्थ नाही. बँकेचे वकील तारखा लांबवतात आणि शेवटी बँकेचं नाव वगळलं जातं. अपवाद एकच. त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर एखाद्या वित्तसंस्थेच्या माणसाने तुमच्या नावे कर्ज काढून रक्कम थेट कंपनीला दिली असेल, तर त्या संस्थेचा संबंध वेगळा आहे आणि तिला पक्षकार करायला हवं.

आता मुख्य मार्ग: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. हा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्याने तुमच्या तीन मोठ्या शंका मिटवल्या आहेत. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचं कार्यालय दिल्लीला असो वा गुरुग्रामला, तुम्ही पुणे जिल्हा आयोगाकडेच जायचं. करारातलं ‘फक्त दिल्लीच्या न्यायालयाला अधिकार’ हे वाक्य हा कायदेशीर हक्क काढून घेऊ शकत नाही. लवादाच्या अटीचंही तेच. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं की लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचे दरवाजे बंद होत नाहीत. आणि कलम १०० प्रमाणे हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, म्हणून पोलीस तक्रार केली तरी ग्राहक तक्रार चालू राहते.

कोणत्या पातळीवर जायचं, हे तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी शून्य आहे. तुमच्या १,४५,००० साठी फी म्हणून एक रुपयाही लागत नाही.

मुदत दोन वर्षांची, वाद-कारण, म्हणजे ज्या घटनेवरून तक्रार आहे ती, घडल्यापासून. इथे फार जण घसरतात. ‘आम्ही त्यांच्याशी ईमेलवर बोलतच होतो’ म्हणून मुदत वाढत नाही. नकार केव्हा मिळाला त्यावर तारीख पुढे सरकू शकते, पण तो वाद आयोगासमोर घालण्यापेक्षा पैसे भरल्याच्या तारखेपासूनच दोन वर्षं मोजा. म्हणजे तुमच्या हातात दहा महिने आहेत. उशीर झाला तर कलम ६९ खाली माफीचा अर्ज करता येतो, मात्र प्रत्येक दिवसाचं पटणारं कारण द्यावं लागतं.

तक्रार लिहिताना एक सापळा टाळा. नव्या कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आहे, आणि ‘नॉन-रिफंडेबल’ हे कलम त्यात अगदी बसतं असं वाटून लोक तक्रारीत तीच मागणी पुढे करतात. पण अनुचित करार रद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही. तो राज्य आणि राष्ट्रीय आयोगाचा आहे. समोरचा वकील हाच मुद्दा काढून अधिकारक्षेत्राचा वाद उभा करतो आणि सहा महिने त्यात जातात. तुमची तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन पायांवर उभी करा. खोट्या विधानांनी सेवा विकणं आणि त्रुटीची सेवा मागे घेऊन पैसे परत करायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत आहेत. बिलात मुदत दिली नसेल तर परताव्यासाठी कायद्याने ३० दिवस दिले आहेत. जिल्हा आयोगाला परतावा द्यायला तेवढं पुरतं.

त्याआधी नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण नोटिशीला उत्तर आलं नाही किंवा गोलगोल उत्तर आलं, तर तेही तुमच्या उपयोगाचं. पैसे भरल्याच्या तारखा, बुकिंग मागितल्याच्या तारखा, रिसॉर्टच्या ईमेलचा उल्लेख आणि पंधरा दिवसांत रक्कम परत करा, इतकंच लिहा. स्पीड पोस्टने आणि ईमेलने, दोन्हीकडून. पोस्टाच्या संकेतस्थळावरच्या ट्रॅकिंगचा प्रिंट लगेच काढा, नंतर ती नोंद दिसत नाही. याच काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, फक्त कंपनीशी बोलून मिटवण्याचा प्रयत्न करते. पण धंदा चालू असलेल्या कंपन्या कधीकधी इथेच नमतात.

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. तक्रारअर्ज, त्यासोबत शपथपत्र, कागदांची अनुक्रमणिका आणि कागद, सगळं पीडीएफमध्ये. रजिस्ट्रीकडून, म्हणजे आयोगाच्या कार्यालयाकडून, तक्रार परत येते ती कायद्याच्या मुद्द्यांवर क्वचितच. बहुतेकदा पानांना क्रमांक नाहीत, झेरॉक्स वाचता येत नाही, प्रत्येक पानावर सही नाही, असल्या कारणांनी. मराठीत तक्रार चालते. तक्रारीत विशेषणं नकोत, तारखा हव्यात. ‘लुटारू’, ‘ठग’ हे शब्द काढून टाका आणि त्या जागी अमुक तारखेला अमुक सांगितलं, अमुक तारखेला अमुक नाकारलं, असं लिहा.

जाबदेणार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते, कोण कोण? जाबदेणार क्रमांक एक कंपनी. दोन, ज्याच्या खात्यात पैसे गेले ती फर्म किंवा व्यक्ती. तीन, करारावर सही करणारा अधिकृत माणूस किंवा संचालक. संचालकाचं नाव नुसतं घालून भागत नाही; त्याने नेमकं काय केलं, हे एका परिच्छेदात लिहावं लागतं, नाहीतर त्याला वगळायचा अर्ज येतो आणि मंजूरही होतो. सेल्समन मुलांना शक्यतो पक्षकार करू नका. ती पगारी पोरं असतात, त्यांच्याकडून वसूल काही होत नाही आणि नोटीस बजावण्यात वर्ष जातं. प्रत्येक जाबदेणाराचे सापडतील तितके पत्ते आणि ईमेल द्या, कारण पहिली नोटीस ‘कार्यालय सोडून गेले’ या शेऱ्याने परत येण्याची शक्यता भरपूर असते. मग वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, तिचा खर्च तुमच्या माथी.

नोटीस मिळाल्यावर जाबदेणाराला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस आणि वाढवून आणखी १५ दिवस, बस. हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ४५ दिवसांपलीकडे मुदत देता येत नाही असं ठरवलं. त्यामुळे सेहेचाळिसाव्या दिवशी म्हणणं आलं तर लगेच लेखी हरकत घ्या. हजर न राहिल्यास एकतर्फी सुनावणी होते. एकतर्फी म्हणजे आपोआप विजय असं मात्र नाही, पुराव्याचं शपथपत्र तरीही द्यावंच लागतं. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं मनात धरा.

भरपाई किती मागायची, हा तुमचा दुसरा प्रश्न. इथे माझं मत ठाम आहे: सिद्ध करता येईल तेवढंच मागा आणि प्रत्येक आकड्याला कागद जोडा. मूळ रक्कम १,४५,०००. त्यावर भरल्याच्या तारखेपासून व्याज. कार्डाच्या हप्त्यांवर बँकेने घेतलेलं व्याज, प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी, हे स्टेटमेंटमध्ये ओळीओळीने असतं. बहुतेक तक्रारदार ते मागायचंच विसरतात. बुकिंग नाकारल्यावर त्याच तारखांना तुम्ही स्वतःच्या पैशाने हॉटेल घेतलं असेल, तर त्याची बिलं. मग मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च. मनस्तापाची भरपाई मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३ च्या निकालात मान्य केलं आहे. पण गाझियाबाद विकास प्राधिकरण विरुद्ध बलबीर सिंग या २००४ च्या निकालात असंही सांगितलं की सरसकट एकच दर लावायचा नाही. भरपाई नुकसानीशी जुळली पाहिजे. दीड लाखाच्या प्रकरणात मनस्तापाचे दहा लाख मागितले, की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास कमी होतो. तुमच्या जागी मी मनस्तापाचे पंचवीस ते पन्नास हजार आणि खर्चाचे दहा-पंधरा हजार मागेन. घरातल्या वयस्कर माणसांसाठी ठरवलेली सहल नाकारली गेली, ऐन सुट्टीत दुप्पट दराने खोली घ्यावी लागली, असं काही असेल तर ते स्पष्ट लिहा, कारण आकडा त्यावर वाढतो. कायद्यात दंडात्मक भरपाईचीही तरतूद आहे. हीच पद्धत अनेकांवर वापरल्याचा पुरावा असेल तरच ती मागा. मागणीच्या शेवटी ‘सर्व जाबदेणारांनी संयुक्तरीत्या व वैयक्तिकरीत्या’ हे शब्द हवेतच. ते नसले, तर आदेश फक्त कंपनीवर होऊ शकतो.

पोलिसांचा मार्ग पैशासाठी नाही, दबावासाठी आणि इतरांना वाचवण्यासाठी. ‘दिवाणी स्वरूपाचं आहे’ या उत्तराला एकच तोड: सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता, हे दाखवणारे कागद. करार नसलेल्या रिसॉर्टची यादी देणं म्हणजे पैसे घेतानाच खोटं बोलणं, आणि तीच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक. तुमची भेट वाकडला झाली, म्हणजे हद्द पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाची. तिथे २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून कोथरूडला तक्रार नाकारता येत नाही. ठाण्यात घेतली नाही, तर त्याच कलमाखाली वरिष्ठांना लेखी तक्रार पाठवा, पोच जपून ठेवा, आणि तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

तुमच्या मेंबरशिप सर्टिफिकेटची मागची बाजू मात्र नीट वाचा. काही कंपन्या ‘पाच वर्षांनी पूर्ण रक्कम परत’ किंवा ‘त्या किमतीची सेवा’ असं तिथे बारीक अक्षरात छापतात. तसं असेल तर प्रकरण मोठं होतं. महाराष्ट्रातला ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, म्हणजे एमपीआयडी, त्यातली ‘ठेव’ ही व्याख्या रोख परतीपुरती नाही. ठरलेल्या सेवेच्या रूपात परत करण्याचं आश्वासनही तिच्यात येतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ६३ मून्स या कंपनीच्या प्रकरणात ही व्याख्या व्यापक असल्याचं सांगितलं. हा कायदा लागला, तर सरकार कंपनीचीच नव्हे तर संचालकांची मालमत्ताही जप्त करून, विशेष न्यायालयामार्फत विकून पैसे वाटू शकतं. वेळ लागतो, पण मालमत्ता हाताला लागते. यासाठी तुमच्यासारखे आणखी लोक एकत्र येणं गरजेचं. त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कुणाचा नंबर असेल तर आताच संपर्क करा. पोलिसांकडे एकत्र जा, ग्राहक तक्रारी मात्र ज्याच्या त्याने वेगळ्या करा. प्रत्येकाची रक्कम, तारखा आणि आश्वासनं वेगळी असतात, आणि आयोग त्या एकत्र सुनावणीला घेऊ शकतो.

तक्रार दाखल झाली की बहुधा तडजोडीचा फोन येईल. घ्यायला हरकत नाही; आयोगही मध्यस्थीला पाठवू शकतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पैसे खात्यात जमा होण्याआधी ‘पूर्ण व अंतिम’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका, आणि तडजोड आयोगासमोर नोंदवून घ्या, परस्पर नको. पुढच्या तारखांचे चेक देत असतील, तर एक चेक न वटल्यास सगळी रक्कम व्याजासह लगेच देय, हे वाक्य घाला. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार, हे वेळापत्रक चुकवू नका.

आणखी एक फोन येईल, त्याच्यापासून मात्र जपा. ‘आम्ही ग्राहक न्यायालयातून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, फक्त १८ टक्के जीएसटी आगाऊ भरा.’ फसलेल्या सदस्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात आणि दुसरी टोळी त्यावर काम करते. तुमची रक्कम, मेंबरशिप क्रमांक, सगळं त्यांना माहीत असतं, म्हणून विश्वास बसतो. कुठलाही आयोग किंवा बँक परतावा देण्यासाठी आधी पैसे मागत नाही. भरलेच असतील, तर त्या क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा; पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवणं पहिल्या काही तासांतच शक्य असतं.

आदेश झाल्यावर कंपनी ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकते, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. अपील केलं म्हणजे आदेशाला आपोआप स्थगिती मिळत नाही, हे लक्षात ठेवा. मुदत संपूनही पैसे आले नाहीत, तर दोन दरखास्ती, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचे अर्ज, एकाच वेळी लावा. कलम ७१ खाली आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, म्हणजे बँक खाती आणि मालमत्ता जप्त. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. सुरुवातीला जमवलेलं खात्याचं नाव, जीएसटीचा पत्ता आणि संचालकांची माहिती इथे कामाला येते. जप्तीच्या अर्जात खातं कुठल्या बँकेत, हे तुम्हालाच सांगावं लागतं.

वकिलाबद्दल: सक्ती नाही. पैसे भरल्याचा पुरावा, बुकिंग नाकारल्याचे ईमेल आणि रिसॉर्टचं उत्तर, हे तिन्ही तुमच्या हाती असतील, तर दीड लाखाची तक्रार तुम्ही स्वतः चालवू शकता, आणि सुनावणीला दूरदृश्य पद्धतीने हजर राहायची परवानगीही मागता येते. मसुदा एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे कार्यकर्ते पुण्यात यासाठी मार्गदर्शन करतात. पूर्णवेळ वकील मी दोनच परिस्थितीत सुचवेन: समोरच्याने अधिकारक्षेत्राचा किंवा मुदतीचा आक्षेप लेखी घेतला असेल तर, आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल तर. दुसऱ्या परिस्थितीत आयोगातली तक्रार थांबते आणि तुम्हाला ठरलेल्या मुदतीत त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे आपला दावा नोंदवावा लागतो. ती जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते, तुमच्या घरी वेगळं पत्र येईलच असं नाही.